साक्षीदाराला निकाल विचारू नये

एखादी वस्तू किंवा अॅप बनवण्याआधी लोकांना विचारायचे की नाही, हा वाद आपल्याकडच्या स्टार्टअपवाल्यांत आणि डिझाइनवाल्यांत अधूनमधून उसळतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांवर जाऊन लटकतो. एक जण हेन्री फोर्डचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य फेकतो: लोकांना विचारले असते तर त्यांनी आणखी वेगाने धावणारे घोडे मागितले असते. दुसरा गूगल फॉर्म पुढे करतो: हे बघा, चारशे जणांनी भरला आणि बहुतेकांनी ‘नक्की वापरू’वर टिक केली. दोघे तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. संशोधन म्हणजे लोकांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारणे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. या वादात घोडे पेंड खाते ते इथेच. लोकांकडे जायलाच हवे, पण मत गोळा करायला नाही, साक्ष घ्यायला. कोर्टात साक्षीदाराला विचारतात की तुम्ही कुठे उभे होतात, किती वाजले होते, काय दिसले. आरोपीला किती वर्षे द्यावीत, हे त्याला कोणी विचारत नाही. आणि ते त्याला सांगता येत नाही म्हणून साक्षीदाराला बोलवायचेच नाही, असेही कोणी म्हणत नाही. वापरणारा माणूस स्वतःच्या दिवसाचा पक्का साक्षीदार असतो. निकाल लिहिणे, म्हणजे वस्तू कशी असावी हे ठरवणे, हे बनवणाऱ्याचे काम आहे आणि त्याने ते वापरणाऱ्याच्या गळ्यात घालू नये.

आधी त्या घोड्याचा हिशेब मिटवू. फोर्डने हे वाक्य म्हटल्याचा त्याच्या हयातीतला पुरावा सापडत नाही. ते त्याच्या तोंडी घातले गेले ते फार नंतर. पण समजा, म्हटले असते. मग पुढची गोष्टही सांगायला हवी. 1908 साली आलेली मॉडेल टी स्वस्त होती, दणकट होती, कच्च्या रस्त्यावर चालत होती. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या फोर्डच्या असत. त्याच दशकात गिऱ्हाईक बदलले. रस्ते सुधारले, घरातली पहिली गाडी जुनी झाली, लोकांना पावसात न भिजवणारी बंद टपाची गाडी हवी होती आणि ती हप्त्याने हवी होती. जनरल मोटर्सने कर्ज देणारी वेगळी कंपनी 1919 मध्येच काढली. फोर्डने 1923 मध्ये योजना आणली ती अशी, की आधी आठवड्याला थोडेथोडे पैसे साठवा आणि सगळे भरून झाले की मग गाडी न्या. 1914 पासून दहाएक वर्षे रंग काळा तो काळाच. शेवटी मे 1927 मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली आणि नवे मॉडेल बाहेर पडेपर्यंत कारखाने महिनोन्‌महिने थंड राहिले. गंमत म्हणजे याच गाडीचे मागचे चाक जॅकवर उचलून, त्यावर पट्टा चढवून अमेरिकेतले शेतकरी लाकडाची करवत चालवत, पाणी उपसत. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. ते करून दाखवत होते. फोर्डचा दाखला देणाऱ्यांनी हा सगळा माणूस घ्यावा, अर्धा नको.

साक्ष आणि मत यांतला फरक मला सर्वांत स्वच्छ दिसतो तो जयपूर फूटमध्ये. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968च्या सुमारास हा पाय घडवला. त्याआधी रुग्णांना पाश्चात्त्य धाटणीचा कृत्रिम पाय मिळे. आत लाकडी गाभा, टाचेला मऊ उशी, आणि तो पाय बुटात घालूनच चालायचे. वैद्यकीयदृष्ट्या त्यात खोट नव्हती. तरी तो घेतलेली माणसे पुन्हा कुबड्यांवर दिसत. कारण बूट घालून देवळात जाता येत नाही, स्वयंपाकघरात जाता येत नाही, चिखलाच्या शेतात तर नाहीच. तो पाय घोट्यात वाकत नसल्याने उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना. या माणसांपैकी एकानेही ‘व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा पाय करा, आत स्पंजाचे ठोकळे घाला’ असे सांगितले नव्हते आणि सांगणे शक्यही नव्हते. त्यांनी दिलेली साक्ष एवढीच होती, की दिलेला पाय घरात पडून आहे. अनवाणी चालता येणारा, भिजला तरी बिघडत नसणारा, घोट्यात सगळीकडे वळणारा रबरी पाय हा त्या साक्षीवरून काढलेला निकाल होता. मग ‘लोकांना काय हवे ते कळत नाही’ हे खरे की खोटे? खरे आहे, पण त्याने काही बिघडत नाही.

लोकांना विचारूच नये म्हणणाऱ्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा वेगळा आहे आणि तो मान्यच करावा लागतो: माणसे विचारणाऱ्याला खूश करणारी उत्तरे देतात आणि स्वतःच्या पुढच्या वागण्याबद्दल त्यांचा अंदाज चुकतो. कोकाकोला कंपनीने नवी चव बाजारात आणण्याआधी सुमारे 2 लाख लोकांना घोट घोट पाजून पाहिले. नवी चव जिंकली. एप्रिल 1985 मध्ये जुनी बंद करून नवी आणली आणि लोकांचा संताप पाहून जुलैमध्ये जुनी परत आणावी लागली. नमुना लहान होता असे कोण म्हणेल? घोटाची चव विचारली होती; फ्रिजमधली ओळखीची बाटली कायमची काढून घेतली तर काय होईल, हे विचारले नव्हते. दुसरा दाखला आपल्या शेजारचा. बंगळुरूमध्ये केलेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. लोकांना दोन सारख्याच गोष्टी दाखवल्या, पण त्यातली एक प्रश्न विचारणाऱ्यानेच बनवली आहे असे भासवले. लोकांनी ‘त्याची’ गोष्ट अडीच पट जास्त वेळा पसंत केली. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असेल तर पाच पट. त्याची गोष्ट मुद्दाम निकृष्ट ठेवली, तरीही कल तिकडेच. आपल्याला यात नवल वाटू नये. दारात आलेल्या पाहुण्याला चहा पाजून वर ‘तुमचे अॅप टाकाऊ आहे’ असे कोण सांगेल? ‘छान आहे, चांगलं केलंत’ हे आपल्याकडे उत्तर नसतेच. तो निरोप असतो.

पण या पुराव्यातून निघतो तो धडा प्रश्न बदलण्याचा. ‘वापराल का?’, ‘आवडेल का?’, ‘किती पैसे द्याल?’ हे तिन्ही प्रश्न भविष्याविषयी आहेत आणि भविष्याचा साक्षीदार कोणी नसतो. त्याऐवजी विचारायचे: वीजबिल शेवटचे कधी भरलेत? कोणाच्या फोनवरून? त्या वेळी फोन कोणाच्या हातात होता? अडलं तेव्हा कोणाला हाक मारलीत? दाखवता का? ‘दाखवता का’ हे दोन शब्द माझ्या मते अख्ख्या प्रश्नावलीपेक्षा मोलाचे आहेत, कारण सांगताना माणूस नीटनेटका होतो आणि करताना खरा. पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला निघतो, अॅप तिसऱ्या पानावरच्या फोल्डरमध्ये, आणि बिल प्रत्यक्षात कोपऱ्यावरचा दुकानदार दहा रुपये घेऊन भरतो. आपण बनवलेली वस्तू दाखवायची असेल तर ‘ही आमची’ असे म्हणू नये. शक्य असेल तर दोन नमुने न्यावेत आणि दोन्ही दुसऱ्यांचे असल्यासारखे ठेवावेत. आणि उत्तर संपले असे वाटल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. बहुतेकांना तेवढी शांतता सोसवत नाही, आणि कामाची गोष्ट त्यानंतर येते.

दृष्टी असलेल्या माणसाला हे सोपस्कार कशाला, असा पुढचा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून टाटांची नॅनो गाडी पाहावी, कारण ती पिंपरीत आकाराला आली आणि तिच्यामागचे निरीक्षण अगदी खरे होते. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुले. हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिले आहे, पण रतन टाटांनी त्यातून गाडी काढली. जानेवारी 2008 मध्ये ती दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दाखवली तेव्हा 1 लाख रुपयांत चारचाकी ही अभियांत्रिकीची कमाल होती: मागे बसवलेले 624 सीसीचे इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट. जमिनीच्या आंदोलनामुळे बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला गेलेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. चांगल्यात चांगल्या वर्षीही विक्री 75 हजारांच्या आसपास राहिली आणि 2018 मध्ये उत्पादन थांबले. सिंगूरचा खोळंबा, गाड्या पेटल्याच्या बातम्या, वाढलेली किंमत, ही कारणे आहेतच. सगळा दोष संशोधनाच्या अभावावर टाकणे लबाडी ठरेल. तरी प्रश्न उरतो. स्कूटरवरचे कुटुंब खिडकीतून दिसले, ते घरी कसे राहते हे कोणी पाहिले? गाडी घेतली की पेढे वाटतात, बोनेटला हार घालतात, कुंकवाचे स्वस्तिक काढतात. ज्या वस्तूची अशी पूजा होते तिच्यावर ‘सर्वांत स्वस्त’ असा शिक्का घेऊन सोसायटीत कोण शिरेल? तेवढ्याच पैशांत जुनी मारुती 800 मिळत होती, आणि ती गरिबाची गाडी म्हणून ओळखली जात नव्हती. चौघे गावी निघाले की पिशव्या, डबे, तांदळाचे पोते सोबत येते. नॅनोचे मागचे दार बाहेरून उघडतच नव्हते, ते उघडू लागले 2015 मध्ये. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख चुकली, हे खुद्द टाटांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. एक नजर खरी होती. एका नजरेवर कारखाना उभा राहिला, हे चुकले.

याच्या उलट उदाहरण आपल्या गावच्या हापशाचे आहे आणि त्याची आठवण या वादात कोणी काढत नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. साठच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे 1972च्या दुष्काळात कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचे काम जोरात सुरू झाले. विहिरींवर बसवले ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पंप. हे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठीच्या पंपांच्या नकला होत्या. तिथे एक कुटुंब दिवसातून चार-सहा वेळा दांडा हलवी. इथे काय होत होते? पुढे सरकारी निकष ठरला तो एका हापशामागे 250 माणसे आणि माणशी दिवसाला 40 लिटर. म्हणजे दिवसाला 10 हजार लिटर. चांगला हापसा मिनिटाला साधारण 12 लिटर देतो. भागाकार केला की दिवसाचे जवळजवळ 14 तास येतात, आणि मिनिटाला 40 वेळा दांडा हलतो असे धरले तर रोज 33 हजार वेळा. शेतघराच्या पंपाची खीळ हे कसे सोसणार? दांड्याच्या भोकात खीळ झिजे, दांडा डुगडुगू लागे, मग आडवा ताण बसून बीड तडकायचे. बिडाला गावात वेल्डिंग करून टिकत नाही. 1974च्या पाहणीत बहुसंख्य पंप बंद सापडले.

जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी आणि कारागिरांनी या मोडतोडीतून पोलादी पंप जुळवायला घेतले. जालना पंप, सोलापूर पंप या नावांनी ते ओळखले जात. सोलापूर पंपाची कल्पना घेऊन युनिसेफ, मद्रासची सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू हा हापसा सिद्ध केला. त्यातला एकेक भाग हे एकेका साक्षीचे उत्तर आहे. खिळीच्या जागी बंदिस्त बेअरिंग, कारण खीळ झिजत होती. दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये साखळी, म्हणजे सळई सरळ रेषेतच वर-खाली होते आणि आडवा ताण बसत नाही. जड पोलादी दांडा, म्हणजे त्याच्या वजनाने पाणी वर यायला मदत होते आणि दहा वर्षांच्या पोरीलाही हापसता येते. वरचा भाग झाकणबंद, बोल्ट लावलेला, कारण मुले आत खडे टाकत. बीड सोडून वेल्ड केलेले पोलाद, म्हणजे साध्या वर्कशॉपलाही बनवता येते. कोणत्या बाईने ‘मला बेअरिंग हवे’ म्हटले होते? तिची साक्ष झिजलेल्या खिळीत होती.

तरीही मार्क टूमध्ये एक उणीव राहिली आणि ती वापरणाऱ्यांकडे पाहून लक्षात आली नाही. दुरुस्त करणाऱ्याकडे पाहायला हवे होते. आतला चामड्याचा वॉशर झिजला की तो बदलण्यासाठी 30 मीटर खोलवरचा सगळा पाइप वर ओढावा लागे. त्याला गाडी, कप्पी आणि चार-पाच माणसांचे पथक लागायचे. पथक तालुक्याला, गाडीला डिझेल नाही, हापसा महिनाभर मुका. ऐंशीच्या दशकात कोइमतूर भागात हे पंप वर्षानुवर्षे प्रत्यक्ष वापरात ठेवून, प्रत्येक बिघाडाची नोंद करून अभ्यास झाला. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वॉशर आले आणि मार्क थ्रीमध्ये पाइपच इतका रुंद केला की तो जागचा न हलवता आतला दट्ट्या वर काढता यावा. हा पाइप जड होतो, महाग पडतो. फुकट काही मिळत नाही. पण ‘वापरकर्ता’ म्हणजे फक्त दांडा धरणारी व्यक्ती, ही समजूत किती तोकडी आहे हे त्यातून कळते. अॅपच्या बाबतीत हे पथक म्हणजे कस्टमर केअरमधला मुलगा, बँकेतला मित्र, फोन दुरुस्त करणारा, आणि घरातला ‘आयटीत असलेला’ भाचा. त्यांची साक्ष कोण घेतो?

आता सॉफ्टवेअरवाल्यांचा युक्तिवाद, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, हापसा लोखंडाचा होता, चूक झाली की वितळवावा लागे. आमची चूक संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. बनवा, सोडा, आकडे बघा. लोक काय बोलतात याच्याशी आम्हाला देणेघेणे नाही, काय करतात ते लॉगमध्ये, म्हणजे अॅप आपोआप ठेवते त्या नोंदींत दिसते. हे खरे आहे. दोन बटणांपैकी कोणते जास्त दाबले जाते हे ठरवायला घरोघर फिरणे हा वेडेपणा आहे. पण समजा लॉग सांगतो आहे की नोंदणी करणाऱ्यांतले बरेच जण ओटीपीच्या पानावर गळतात. टीम काय करेल? 30 सेकंदांची मुदत 60 करेल, ‘पुन्हा पाठवा’चे बटण मोठे करेल, दोन्हींची तुलना लावेल आणि आकडा थोडासा हलला की केक कापेल. प्रत्यक्षात फॉर्म भरते आहे गावातली बाई, आणि बँकेला जोडलेला नंबर आहे पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाचा. ओटीपी त्याच्या खिशात वाजतो; तो पाळीवर आहे, फोन लॉकरमध्ये. 60 सेकंदांचे 600 केले तरी तिला काही फरक पडत नाही. तिला मधेच थांबून रात्री मुलाचा फोन आल्यावर तिथूनच पुढे जाता यायला हवे. लॉगमध्ये ती फक्त एक ‘गळती’ आहे. आणि जिने दुकानदाराकडून फॉर्म भरून घेतला ती तर लॉगमध्ये यशस्वी नोंदणी म्हणून झळकते आहे! दारापर्यंतच न आलेल्यांचा तर लॉगच नसतो. आकडे माणूस कुठे थांबला ते सांगतात. तो का थांबला हे त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

मग आक्षेप येतो की पाच-सहा घरे बघून काय कळणार, हे काय विज्ञान आहे? याला दोन्ही बाजूंनी बेशिस्तीने उत्तर दिले जाते. ‘पाच जण पुरतात’ हे वाक्य निल्सन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या संशोधकांच्या 1993च्या मांडणीतून आले. एका चाचणीत एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात असे धरले, तर पाच जणांत साधारण 85 टक्के होतात. हे गणित एका प्रकारचे लोक, एकच काम आणि ठळक अडचणी यांच्यासाठी आहे. जी अडचण दहातल्या एकालाच येते, ती पाच जणांत अजिबात न दिसण्याची शक्यता 59 टक्के आहे. ती पकडण्याची 85 टक्के खात्री हवी असेल तर 18 माणसे लागतात. आणि विद्यार्थी, शेतकरी, अंध व्यक्ती यांना एकाच पाचात कोंबता येत नाही. प्रत्येक गटाचे पाच वेगळे. उलट बाजूची चूक आणखी वाईट: ‘पाचपैकी तिघे अडखळले, म्हणजे 60 टक्के वापरकर्ते’ अशी स्लाइड. पाच घरांतून प्रमाण कधीच काढू नये. पाच घरांतून कारण मिळते. ते किती जणांना लागू आहे, हे नंतर आकड्यांनी तपासावे. झिजलेली खीळ एकदा हातात आली की पुढच्या शंभर पंपांत नेमके काय मोजायचे ते कळते. त्याआधी शंभर पंपांची यादी म्हणजे नुसती ‘चालू’ आणि ‘बंद’.

अलीकडे यावर आणखी एक शॉर्टकट निघाला आहे. माणसांकडे जायलाच नको. भाषा-मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या यंत्राला, ‘तू परभणीचा 45 वर्षांचा कोरडवाहू शेतकरी आहेस’ असे सांगा आणि त्याचीच मुलाखत घ्या. प्रश्नावलीची भाषा तपासायला, नवख्याला मुलाखतीचा सराव द्यायला हे उपयोगी पडते, हे मान्य. पण ते यंत्र लिहिलेल्या मजकुरावर पोसलेले आहे, आणि ओटीपी मुलाच्या खिशात वाजतो यासारख्या गोष्टी मुळात कोणी लिहून ठेवत नाही. शिवाय ते विचारणाऱ्याला खूश करते. बंगळुरूच्या अभ्यासातला जो दोष माणसांत होता, तोच आपण विकत घेऊन यंत्रात बसवतो आहोत.

एक आरोप मात्र मी कबूल करतो. बहुतेक कंपन्यांतले संशोधन हे नाटक असते. निर्णय झालेला असतो, तारीख ठरलेली असते, मग संशोधकाला सांगतात की जरा लोकांशी बोलून घे. भिंतीवर ‘स्नेहा, 28, पुणे, कॉफी आवडते’ असे काल्पनिक वापरकर्त्याचे पोस्टर लागते. स्नेहाला कॉफी आवडते यावरून बँकेच्या अॅपमधला कोणता पडदा बदलला, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. यावर उपाय साधा आहे आणि म्हणूनच तो कोणी करत नाही. बाहेर पडण्याआधी निर्णय घेणाऱ्याला समोर बसवून एका कागदावर लिहून घ्यायचे: काय दिसले तर आपण ठरवलेले बदलू? कागद कोरा राहिला तर दौरा रद्द करावा, पैसे वाचतील. लिहिले गेले, तर काम फार मोठे नाही. आठ घरे, त्यातली निदान तीन अशी, की ज्यांनी वस्तू घेऊन सोडून दिली. दोन माणसे, एकाने बोलायचे आणि एकाने लिहायचे. दिवसाला दोन घरे, प्रत्येकी दीड तास, आणि वेळ त्यांच्या कामाची. आपल्या सोयीची अकराची नाही. चार दिवस फिरणे, तीन दिवस टिपणे वाचणे. टिपणात ‘म्हणाल्या’ आणि ‘केले’ असे दोन रकाने ठेवायचे. जिथे ते जुळत नाहीत तिथे खूण करायची. आठवडा-दीड आठवडा. एवढा वेळ तर लोगोच्या रंगावर जातो.

आणि ज्यांना वाटते की प्रयोगशाळेतले अचूक मोजमाप या सगळ्याची जागा घेईल, त्यांनी सुधारित चुलीकडे पाहावे. 1980च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2002 पर्यंत देशभर 3 कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. धुराने बायकांची फुप्फुसे जातात हे खरेच आहे. चूल किती कार्यक्षम, हे ठरवायची पद्धत होती ठरावीक पाणी उकळवून पाहण्याची. पण आपल्याकडची बाई चुलीवर पाणी उकळत बसत नाही, ती भाकरी करते. काटवटीत थापलेली भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटते, आणि मग तवा बाजूला सारून ती चुलीच्या तोंडाशी आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर टेकवून उभी केली जाते. तिथे तिचा पापुद्रा सुटतो, ती टम्म फुगते. बंदिस्त चुलीच्या अरुंद तोंडाशी ना आर ओढायला जागा, ना भाकरी उभी करायला. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या दुसऱ्या भोकावर, कालवण कढत ठेवायची सवय. इथे त्या भोकाला आच पोचेना. जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, हातभर लांब. अरुंद तोंडात घालायच्या तर कोयत्याने बारीक करा, आणि तेही शेतातून आल्यावर. धुरांड्यात काजळी साचून ते तुंबले की धूर पुन्हा घरातच. अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या सुमारे 2,600 घरांचा अशाच सुधारित चुलींबाबत काही वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला, पुढे तो फरक विरून गेला. चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या, त्यांची डागडुजीही होत नव्हती.

बायकांनी याबद्दल कुठे तक्रार लिहिली नाही. ज्यांना चूल ठेवायची होती त्यांनी तोंडाची माती खरवडून ते मोठे केले. तोंड मोठे झाले की हवा जास्त शिरते, ज्वाळा सैल होते आणि प्रयोगशाळेने मोजलेली कार्यक्षमता तिथेच संपते. तपासणीला आलेल्याच्या लेखी ती ‘बिघडवलेली चूल’. पण ते खरवडलेले तोंड किती बोटे वाढवले आहे, डावीकडे जास्त की उजवीकडे, आर ओढायला खाली किती जागा केली आहे, हे टेपने मोजता येण्यासारखे होते. पुढच्या साच्याचे माप त्या मातीत जवळजवळ तयारच पडले होते.